लाभ, दोन, तीन

दाढी करताना कापलं तरी भरमू पावशेला कळत नसे. उजव्या कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंतची सगळी कातडी ऑपरेशननंतर मेलेली होती. बायको, अक्काताई, चहा घेऊन यायची, बघायची आणि पदराचं टोक त्याच्या मानेला लावून म्हणायची, "रगात आलंय. आरशात बगून कराय काय हुतंय?"

भरमू आरशातच बघत असायचा. रक्त दिसायचं, पण ते आपलं आहे असं वाटायचं नाही.

गळ्याच्या खाली, मधोमध, एक भोक होतं. श्वास आता तिथून चालायचा. डॉक्टरांनी आवाजाची पेटी गाठीसकट काढून टाकली होती, आणि काढताना मानेतल्या काही शिराही गेल्या. "थोडा बधिरपणा राहील," असं ते म्हणाले होते. त्यांनी सांगितला तो मानेपुरता. बाकीचा भरमूला उचगावला घरी आल्यावर समजला. म्हैस व्याली, शेजारी बांधावरून हाणामारी झाली, पुतणीचं लग्न ठरलं; त्याला कशाचंच काही होईना. आनंद नाही आणि राग नाही. निदान दुःख तरी असावं की माणसाला? तेही नाही. ताट पुढे आलं की जेवायचा, अंथरूण घातलं की पडायचा. हा माणूस बेळगावच्या मार्केट यार्डात तीस वर्षं चेष्टा आणि शिव्यांवर जगलेला होता, हे नव्यानं बघणाऱ्याला सांगून पटलं नसतं.

भरमू मापाडी होता. ज्यांनी धान्य फक्त दुकानातल्या पिशवीतच बघितलंय त्यांना हे सांगावं लागतं: शेतकरी काट्याच्या एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि मधे उभा राहून पोती मोजणारा, मोजलेलं दोघांना ऐकू जाईल असं ओरडणारा, तो मापाडी. कागद नंतर होतो. आधी आवाज होतो. मापाड्यानं ओरडलेला आकडा दोघांनीही मान्य करायचा, ही तिथली रीत. तीस वर्षांत भरमूच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आडनाव पावशे आणि धंदा मापाचा, त्यावरून हमाल मष्णू त्याला रोज टोचायचा, "आडनावातच पावशेर कमी हाय रं तुज्या." भरमू उलट त्याच्या आईबापाचा उद्धार करायचा आणि पुढचं पोतं ओरडायचा. ट्रक चालू असो, लिलाव चालू असो, त्याचा आवाज सगळ्यांच्या वरून जायचा. मोठा होता म्हणून नव्हे. मोठे आवाज यार्डात पुष्कळ होते. त्याच्या आवाजाला धार होती.

ही धार नागेंद्रनं ओळखली. नागेंद्र वडगावचा, विणकराच्या घरातला. घरी वडिलांचे चार यंत्रमाग, आणि हा शहराबाहेरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात प्रयोगशाळेचा मदतनीस. हौशी रेडिओचं सरकारी लायसन्स काढलेला माणूस. घराच्या गच्चीवर तारा बांधून परमुलुखातल्या लोकांशी गप्पा मारायचा. कॉलेजचे पदवीवाले प्राध्यापक त्याला 'अरे नागेंद्र' म्हणायचे आणि रेडिओ बंद पडला की 'नागेंद्रजी'. त्या कॉलेजनं एक छोटा उपग्रह बनवायला घेतला होता. नाव इंग्रजीत, लांबलचक. नागेंद्र त्याला डबा म्हणायचा आणि तो होताही डब्याएवढाच: वीतभरसुद्धा नाही, सव्वा किलो वजन. मोठ्या उपग्रहांबरोबर एका रॉकेटवर बसून तो वर जाणार होता आणि पृथ्वीभोवती फिरत हौशी रेडिओवाल्यांच्या लहरींवर स्वतःची हालहवाल सांगणार होता. बॅटरी किती, आत ऊन किती, थंडी किती. ही हालहवाल माणसाच्या आवाजात सांगायची, मराठीत आणि कन्नडात, असं ठरलं होतं. त्यासाठी शून्य ते नऊ एवढेच आकडे कुणाकडून तरी म्हणवून घ्यायचे आणि डब्यात भरायचे. पुढे डबा ते जोडून बोलणार.

आधी त्यांनी एका निवेदिकेचा आवाज घेतला. गोड होता. नागेंद्रनं तो वडगावला घरी नेला, चारही माग चालू केले आणि मधे स्पीकर ठेवून लावला. पाच फुटांवर गोड आवाजाचं पीठ झालं. आकाशातून येणारा आवाज अशाच खरखरीतून येणार, म्हणून त्याची ही परीक्षा. पुढच्या आठवड्यात तो रताळी घ्यायला यार्डात आला आणि दोन ट्रकांच्या पलीकडून त्याला आकडे ऐकू आले. तो पिशवी घेऊन तिथेच थांबला.

"अण्णा, तुमचा आवाज पाहिजे," त्यानं नंतर भरमूला सांगितलं.

"कशाला? निवडणुकीला?"

"आकाशात सोडायला."

"मग तू मष्णूला सोड. त्यो हितं कुनाच्या कामाचा न्हाय."

पण आला. कॉलेजच्या बंद खोलीत, गाद्या लावलेल्या भिंतींमधे, भरमूला तोंडच उघडता येईना. "पोतं न्हाय, काटा न्हाय, मोजू काय? माजं कपाळ?" शेवटी नागेंद्रनं खोलीतल्या नऊ खुर्च्या ओळीत मांडल्या. भरमू एकेका खुर्चीच्या पाठीवर हात मारत गेला आणि यार्डातल्यासारखा ओरडत गेला. लाभ. दोन. तीन. चार. मग परत पहिल्या खुर्चीपासून कन्नडात. लाभ. एरडु. मूरु. शून्यावरून थोडा वाद झाला, कारण खुर्ची नसताना मोजायचं काय, हे त्याला पटत नव्हतं. तेही झालं. वीस मिनिटांत काम संपलं. मग चहा आला, यंत्र चालूच राहिलं, आणि भरमूनं त्या कॉलेजच्या चहाला जे ठेवणीतलं ऐकवलं तेही त्यात गेलं.

पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नसतं. 'लाभ' म्हणायचं. खळ्यावर भात मोजताना भरमूच्या बापानं त्याला हे शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापानं. कन्नड मापाडीही पहिल्या मापाला लाभच म्हणतो. या पट्ट्यात पाट्यांवरून डोकी फुटतात, पण खळ्यावरच्या पहिल्या मापाचं नाव दोन्ही भाषांत सारखं आहे, आणि त्यावर कुणाची सभा झाली नाही. नागेंद्रही याच मातीतला. त्याच्या कानानं लाभ ऐकलं आणि एक समजून घेतलं. चूक झाली ती अशी, आणि ती कुणालाच दिसली नाही.

दिवाळीत भरमूचा घसा बसला. बसलेलाच राहिला. तंबाखूची पिशवी पंचेचाळीस वर्षं कमरेला होती, तेव्हा पुढचं सांगायला डॉक्टरची गरज नव्हती, तरी डॉक्टरांनी सांगितलं. जानेवारीत मिरजेला ऑपरेशन झालं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्याला दाखवलं. त्यातून निघालेला आवाज ऐकून भरमूनं ते परत पेटीत ठेवलं. त्यानंतर शाळेच्या शंभर पानी वहीत लिहायचं. चौथीपर्यंतचं शिक्षण, त्यामुळे लिहिणं कमीच.

अक्काताईनं त्याला न सांगता एक काम केलं. घरातले दोन्ही मोबाईल शोधले, दिराच्या मुलाचाही शोधला. भरमूचा आवाज कुठेच नव्हता. पुतण्याच्या लग्नाच्या एका व्हिडिओत तो हात वर करून कुणाला तरी हाका मारताना दिसत होता, पण वर बँडबाजा वाजत होता. तो तिनं चार वेळा लावला. मग मोबाईल परत दिला.

मार्चमध्ये कॉलेजात ऋतिका नावाची मुलगी डब्यात आवाज भरायच्या कामाला लागली. शहरातली, हुशार, तांदूळ किलोच्या पाकिटात बघितलेली. तिला दिसलं की मराठीचा एक आणि कन्नडाचा एक हे दोन्ही सारखेच आहेत. आपणच चुकून एक फाईल दोनदा घातली असं तिला वाटलं. मूळ रेकॉर्डिंग काढलं. तिथेही तेच.

"सर, हे 'लाभ' काय आहे?"

"एक," नागेंद्र म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं.

प्रकल्पाचे प्रमुख युवराज सर. वाईट माणूस नव्हता, पण समिती हा शब्द उच्चारला की ताठ व्हायचा. ते म्हणाले, तपासणी समितीपुढे आकड्याच्या जागी आकडाच लागेल. डबा सीलबंद व्हायला सहा दिवस होते. जाऊन दोन शब्द घेऊन या, एक आणि ओंदु, विषय संपला.

म्हणून नागेंद्र आणि ऋतिका स्कूटरवरून उचगावला आले. भरमू कट्ट्यावर बसला होता, गळ्याला रुमाल बांधून. नागेंद्रला बघून त्यानं हात वर केला.

"अण्णा, बरं हाय न्हवं? दोन मिनिटांचं काम हाय. एक म्हणायचं आणि ओंदु म्हणायचं. तेवढंच राहिलंय."

ऋतिकानं यंत्र चालू करून त्याच्या तोंडासमोर धरलं. "म्हणा काका. एक."

भरमू त्या यंत्रावरच्या लाल दिव्याकडे बघत राहिला. आतून हात पुसत अक्काताई आली.

"काय पायजे?"

"मावशी, काकांचा आवाज हवा होता. एकच शब्द."

"आवाज मिरजंत ठेवून आलोय," अक्काताई म्हणाली.

भरमूनं रुमाल सोडला. ऋतिकाला भोक दिसलं. तिचा हात तसाच पुढे राहिला आणि यंत्र चालूच राहिलं. त्यात भोकातून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेचा आवाज भरत होता. नागेंद्र पायरीवर खाली बसला.

"मला कळवायचं न्हाय काय अक्का?"

"कुनाकुनाला कळवू? आनि कोन कळवनार? बोलनारा त्योच हुता घरात."

चहा झाला. मग ऋतिकानं विचारलं, "काका, ऐकायचंय?" आणि उत्तराची वाट न बघता लॅपटॉप उघडून लावलं. लाभ. दोन. तीन. चार. कट्ट्यावर भरमूचा आवाज यार्डातल्यासारखा आला. रस्त्यानं जाणाऱ्या बाईनं वळून बघितलं. अक्काताई कपबशा उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

भरमूनं पूर्ण ऐकलं. काही वाटेल म्हणून तो स्वतःही थांबला होता, पण तसं काही झालं नाही. माणूस ओळखीचा होता, एवढंच. चार जरा घाईत म्हटलाय, हे मात्र त्याच्या लक्षात आलं. त्यानं वही ओढली आणि लिहिलं: ह्यात चुकलं काय?

नागेंद्रनं सांगितलं. सांगताना त्याची मान खाली होती. एकच्या जागी लाभ चालणार नाही. अर्धे आकडे एकाचे, अर्धे दुसऱ्याचे हेही चालणार नाही. त्यामुळे सगळेच आकडे दुसऱ्या कुणाचे तरी घेतील. "हे मी तुम्हाला काढून देतो अण्णा, मोबाईलवर घालून देतो. घरी ऐकता येईल."

"म्हंजे वर जानार न्हाय," दारातून अक्काताई म्हणाली.

"न्हाय."

"का? तर माप चुकलं म्हनून."

भरमूनं वहीतला आपलाच प्रश्न परत वाचला. माप चुकलं. तीस वर्षांत हे दोन शब्द त्याच्या नावापुढे कुणी ठेवले नव्हते, आणि आता ठेवले ते ज्याला खळं माहीत नाही अशा लोकांनी. राग यायला हवा होता. जिथे राग यायचा ती जागा त्यानं चाचपून बघितली. कापलेल्या मानेवर बोट ठेवल्यासारखंच लागलं: बोट कळतं, मान कळत नाही. पण त्या दिवशी दुपारचं ताट त्यानं अर्धं ठेवलं.

तीन दिवसांनी फोन आला, या म्हणून. मार्ग निघाला होता. भरमू आणि अक्काताई निघाले: उचगावहून बस, मग दुसरी बस, मग कॉलेजच्या कमानीपासून पायी. सभेच्या खोलीत युवराज सर, नागेंद्र, ऋतिका आणि काचेच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या.

मार्ग ऋतिकानं शोधला होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी चहाच्या गप्पांत भरमू म्हणाला होता, 'एकदम गुळवणी करून ठेवलंय.' त्यातला 'एक' तिनं कापून काढला. कन्नडाचंही तसंच, नागेंद्रला तो म्हणाला होता 'ओंदु निमिष', एक मिनिट, त्यातला 'ओंदु'. दोन रात्री बसून केलं होतं पोरीनं. तिनं लावलं. एक. दोन. तीन. चार.

"व्वा," सर म्हणाले. "कळतसुद्धा नाही. पावशेकाका, आवाज तुमचाच जाणार. फक्त या कागदावर संमतीची सही करा."

भरमूनं बोटानं खूण केली: परत. ऋतिकानं परत लावलं. परत. तिसऱ्यांदा. त्या एकच्या शेवटी 'द' चा तुकडा चिकटून राहिला होता, आणि तो शब्द कुणी मागून धक्का दिल्यासारखा येऊन थांबत होता. बाकीचे आकडे मापाड्याचे होते. हा चहावाल्याशी भांडणाऱ्याचा होता.

त्यानं पेन घेतलं. सही केली नाही. वहीत लिहिलं: माप चुकलं न्हाय. आणि वही सरांकडे सरकवली.

सरांनी वाचलं. आवाज आणखी सौम्य केला, जसा अडाण्याशी बोलताना शिकलेले करतात. "काका, चुकलं असं आम्ही म्हणतच नाही. पण हा उपग्रह जगभर ऐकला जाणार. जपानमधला माणूस ऐकेल. त्याला 'लाभ' कसं कळणार?"

"त्येला दोन कळतंय व्हय?" अक्काताईनं विचारलं.

सरांनी समोरची बाटली थोडी बाजूला सरकवली.

"न्हाय, इचारलं. जपानच्या मानसाला दोन कळतंय, एरडु कळतंय, निस्तं लाभवर येऊनच त्येची गाडी अडतीया?"

"त्यासाठी आम्ही एक यादी प्रसिद्ध करतो, मावशी. कुठला शब्द म्हणजे कुठला आकडा."

"मग त्या यादीत लिवा. लाभ म्हंजे एक. शाई संपलीया काय?"

ऋतिकाला हसू आलं, ते तिनं बाटलीचं झाकण उघडत लपवलं. नागेंद्र खिडकीबाहेर बघू लागला.

"आणि समितीला मी काय सांगू?" सर म्हणाले. सौम्यपणा थोडा गेला होता.

"सांगा, मापाड्याचं माप हाय. आनि न्हाय पटत तर दुसऱ्या कुनाचा बी आवाज घाला, आमी काय म्हननार न्हाय." ती उठली, पिशवी उचलली. "पर ह्येंचा कापून जोडू नका. एक डाव कापलाय, तेवढं बास."

सर म्हणाले, बघतो. एवढंच.

दोन दिवसांनी डबा बंद झाला. त्याच्या अंगाला चार पट्ट्या दुमडून बांधल्या होत्या, सुताराच्या मोजपट्टीच्या पोलादाच्या. वर गेल्यावर त्या उघडून अँटेना होणार होत्या. बांधल्या होत्या नायलॉनच्या दोऱ्यानं आणि गाठ नागेंद्रनं मारली होती, विणकराची, तुटलेला धागा जोडायची. वर पोचल्यावर एक तार तापणार, दोरा वितळणार, पट्ट्या सुटणार. ही गाठ जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही, असं नागेंद्र नंतर सगळ्यांना सांगत होता. पण आत शेवटी कुठला आवाज भरला ते त्यालाही माहीत नव्हतं. ते सर आणि ऋतिका या दोघांनाच ठाऊक, आणि ती दोघं डब्याबरोबर रॉकेटच्या तळावर गेली. फोनवर विचारलं तर सर म्हणाले, "बोलेल तेव्हा ऐका." माणूस थोडा वर बसला की साध्या गोष्टीचंही गुपित करतो.

अक्काताईनं नागेंद्रला विचारलं नाही. विचारायला आपण काय भीक मागतोय? भरमूनंही विचारलं नाही.

मधे उन्हाळा गेला, पाऊस आला. ऑगस्टमध्ये भरमू पुन्हा यार्डात जाऊन बसू लागला. काम नव्हतं, विजेच्या काट्यावर लाल आकडे उमटायचे आणि ते सगळ्यांना दिसायचे. कुणीतरी त्याला चहा द्यायचं. मष्णू अजून टोचायचा, पण भरमूकडून उत्तर येत नसल्यामुळे त्याचाही जोर गेला होता.

डबा सुटला तो एका मंगळवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. नागेंद्रनं कॉलेजच्या सभागृहात बोलावलं होतं, मोठा पडदा लावला होता. भरमू गेला नाही. यार्डातल्या शेडखाली मष्णूच्या मोबाईलवर त्यानं बघितलं. स्क्रीनवर तडा होता, तो नेमका रॉकेटवरून जात होता.

"ह्यात तुजा डबा कुटं हाय?" मष्णूनं विचारलं.

भरमूनं वरच्या टोकाकडे बोट केलं.

"दिसत न्हाय की. ट्रकात पेन इसरल्यागत हाय हे."

आकडे उलटे मोजले गेले. मापाड्याच्या डोळ्यांना ते बघायलाही चमत्कारिक. धूर झाला, उजेड झाला, रॉकेट उठलं. शेजारी बटाट्याचा लिलाव चालू होता, तो थांबला नाही. सतरा मिनिटांनी पडद्यावर इंग्रजी नावं एकेक करून हिरवी झाली. सहावं नाव कॉलेजच्या डब्याचं.

"पोचलं म्हन," मष्णू म्हणाला, मोबाईल खिशात टाकला आणि पोती उचलायला गेला.

भरमू बसून राहिला. पोचलं. त्यानं छातीवर हात ठेवून बघितलं. श्वास भोकातून येत होता, जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी डबा बेळगाववरून जाणार होता. या वेळी नागेंद्र स्वतः येऊन दोघांना घेऊन गेला. कॉलेजच्या गच्चीवर अँटेना, खालच्या खोलीत रेडिओ, खुर्च्या आणि पंधरा-वीस पोरंपोरी. ऋतिका परत आली होती. ती लॅपटॉपमधून डोकं वर काढत नव्हती, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. अक्काताई पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली.

दहा बारा झाले. नुसती खरखर. दहा तेरा. नागेंद्र गच्चीवरून ओरडला, "वर आलाय, वर आलाय," आणि खरखरीतून, लांब शेताच्या पलीकडून कुणी हाक मारावी तसा, आवाज आला.

सात. आठ.

भरमूचा होता. अक्काताईनं पिशवीचे बंद धरले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, ऋतिकानं हातानं त्यांना गप्प केलं. सात. आठ. ही बॅटरी, टक्के. मग शून्य, सात. हे डब्याच्या आतलं ऊन, अंश. मग तेच कन्नडात. एळु. एंटु.

भरमू नुसता मोजत होता. आवाज त्याचा ठेवलाय हे कळलं, आणि तरी काहीच कळलं नव्हतं. एक अजून आला नव्हता. डबा जे असेल तेच बोलणार. आकड्यात एक नसेल तर एक येणार कुठून? सात, आठ. शून्य, आठ. डबा पृथ्वीच्या सावलीतून उन्हात आला होता आणि तापत होता. दर दोन मिनिटांनी अंश वाढत होता. दहा सतरा. शून्य, नऊ. खरखर वाढू लागली होती, डबा दक्षिणेकडे उतरत होता. अक्काताईच्या लक्षात आलं की नवऱ्याचा हात वहीवर आहे आणि पेन कागदावर टेकवून तो थांबलाय. आता खोलीतले सगळेच त्या एकची वाट बघत होते. नागेंद्रही अँटेना दुसऱ्याच्या हातात देऊन खाली आला होता आणि दारात उभा होता.

सात. आठ.

लाभ. शून्य.

भरमूनं वहीत दहा लिहिलं.

मग कन्नडात, अर्ध्याहून जास्त खरखरीत बुडालेलं: लाभ. सोन्ने. आणि मग नुसती खरखर, आणि मग नागेंद्रनं आवाज बंद केला.

ऋतिकानं लॅपटॉप फिरवून भरमूला दाखवला. पडद्यावरही दहा होता. "यादी काल छापली काका," ती म्हणाली. "सरांनी स्वतः लिहिलं. लाभ म्हणजे एक."

अक्काताई रडत होती, आवाज न करता, बायका चुलीपुढे रडतात तशी. सगळे भरमूकडे बघत होते. त्याच्या डोळ्यांत काहीतरी यावं अशी सगळ्यांची इच्छा होती. एका पोरानं मोबाईल पुढे धरला. "काका, आत्ता कसं वाटतंय?"

भरमूनं खरोखर विचार केला. मान तशीच बधिर होती. आतही काही हललं नव्हतं. खोटं लिहिणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्यानं लिहिलं: माप बरोबर आलं. पोरानं ते वाचलं आणि आणखी काही येईल म्हणून थोडा वेळ मोबाईल धरून ठेवला, मग खाली केला.

पोरं उपमा खायला कँटीनकडे गेली. नागेंद्र अक्काताईला म्हणाला, "चला अक्का, खाऊन घ्या. अण्णा, चला."

भरमू उठला नाही. रेडिओकडे बोट करून त्यानं मनगटावर, घड्याळ नसलेल्या जागी, दोन बोटं ठेवली.

"परत? अकरा सत्तेचाळीसला. पण तेव्हा लई खाली असतोय अण्णा, पश्चिमेला, डोंगराच्या कडंला. ऐकू येतोय का न्हाय कोण जाणे. संध्याकाळचा चांगला हाय, त्याला या."

भरमूनं खुर्ची रेडिओजवळ ओढली. अक्काताईनं डोळे पुसले, त्याच्याकडे बघितलं आणि नागेंद्रला म्हणाली, "आमचं हितंच आनून द्या."